किल्ली काकांकडे

पहाटे ५.१५
नोव्हेंबरचा तिसरा आठवडा. यवतमाळ जिल्ह्यातलं हजार-अकराशे वस्तीचं गाव. गावाचं नाव छापायचं नाही, हे आशाताईंनी आधीच बजावलंय. स्वतःचंही नको म्हणाल्या. गावात तसंही त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही. त्या गावच्या आशा, म्हणजे आरोग्य स्वयंसेविका. म्हणून लहानथोर सगळे आशाताईच म्हणतात.

घरात गॅस आहे, पण अंघोळीचं पाणी चुलीवर. सरपण म्हणजे गेल्या साली उपटलेल्या पऱ्हाट्या. लवकर पेटतात, लवकर विझतात, म्हणून एक हात सारखा चुलीपाशी. आज त्यांच्या दोन एकरांत वेचणी आहे. नवरा मजुरांच्या आधी वावरात जाणार. त्याचा डबा, मुलीचा डबा, स्वतःचा डबा. सहा पोळ्या होईपर्यंत फोन दोनदा वाजून गेला.

गटप्रवर्तक बाईंचा निरोप आहे. दुपारपर्यंत सीबॅक फॉर्मचा आकडा पाठवा. हा फॉर्म तीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाचा भरायचा. तंबाखू खाता का, दारू घेता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला शुगर-बीपी आहे का. शेवटाकडे दोन प्रश्न मनाचे. गेल्या दोन आठवड्यांत कशात गोडी वाटली नाही, असे किती दिवस गेले? उदास, निराश वाटलं, असे किती दिवस गेले? एकेका उत्तराला शून्य ते तीन गुण. दोन्ही मिळून तीनच्या वर गेले की माणसाला पुढं पाठवायचं. एका फॉर्मचे दहा रुपये.

पिशवी मी उचलून पाहिली. बाळाचा वजनकाटा, थर्मामीटर, मोजपट्टी, ओआरएसची पाकिटं, लोहाच्या गोळ्या, दोन रजिस्टरं, बिलाची फाईल, चार्जर. चार किलो तरी असेल. एक बंद उसवलेला, तो पांढऱ्या चिकटपट्टीनं गुंडाळलाय.

सकाळी ६.४०
सात दिवसांची मुलगी. आई बावीस वर्षांची, पहिली खेप. झोळी काट्याला अडकवली, बाळ ठेवलं, काटा दोन किलो सहाशेवर थांबला. नाळ कोरडी, ताप नाही, अंगावर पिते. बेचाळीस दिवसांत अशा सहा भेटी करायच्या. सहाही झाल्या की अडीचशे रुपये.

रजिस्टरचं काम पाच मिनिटांत संपलं. मग आशाताईंनी सासूला चहा ठेवायला आत पाठवलं.

“झोप येते काय?”
“येते.”
“लेकरू झोपलं की येते, की तवाही नाई येत?”

पोरगी गप्प. मग म्हणाली, “तवाही नाई येत.”
“रडू?”
“रोज. दुपारी.”

हे बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना होतं, आठ-पंधरा दिवसांत ओसरतं, ओसरलं नाही तर मला सांगायचं, असं ताईंनी सांगितलं. लेकराला किंवा स्वतःला काही करावं असं मनात आलं तर त्याच दिवशी सांगायचं, रात्र असली तरी. हे त्यांनी आवाज न चढवता, न उतरवता सांगितलं. वजन सांगितलं तसंच.

बाहेर आल्यावर मी विचारलं, हे कुठं लिहिता? त्यांनी रजिस्टर दाखवलं. आईच्या मनाला रकाना नव्हता. सीबॅकमध्येही ही पोरगी बसत नाही, तिशीच्या आतली आहे. सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांतले एक तृतीयांशाहून जास्त अठरा ते तीस वयाचे होते. फॉर्म तिशीला सुरू होतो.

सकाळी ७.५०
पारावर वेचणीची गाडी लागलीय. मालवाहू टेम्पो, त्यात उभ्यानं पंधरा बाया. गाडी सुटली की गावात म्हातारी माणसं आणि लेकरंच उरतात. म्हणून फॉर्म भरायचे ते याच पंचवीस मिनिटांत. यंदा या गावात वेचणी दहा रुपये किलो. हात चांगला असला की बाई दिवसाला चाळीस-पन्नास किलो वेचते. पहिल्या वेच्याला जास्त, पुढं कमी.

पारावर दुसरी चर्चा भावाची. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. गावात येणारा व्यापारी सात हजारांच्या आत बोलतो. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर द्यायचा तर ॲपवर नोंदणी हवी, आणि ओलावा बारा टक्क्यांच्या वर चालत नाही. दवातला कापूस ओला असतो. वाळवायला अंगण हवं, थांबायला पैसा हवा. ज्याला दुकानदाराची उधारी आजच द्यायचीय, तो व्यापाऱ्याला देतो.

ताई चार फॉर्म भरतात. चौथा एका पंचेचाळिशीच्या माणसाचा. पत्नीला टेम्पोपर्यंत सोडायला आला होता. तंबाखू हो, दारू “थोडीशी”. मनाच्या पहिल्या प्रश्नाला तो हसला. “गोडी? यंदाच्या भावात?” भोवतालचे चार जण हसले. ताईही हसल्या आणि पेन तसंच धरून थांबल्या. हसणं ओसरलं. “सांगा न भाऊ, किती दिवस?” तो म्हणाला, लिहा शून्य. त्यांनी शून्य लिहिलं आणि वहीच्या मागच्या पानावर त्याच्या घराचा क्रमांक वेगळा टिपला. चारचौघांत कुणी खरं सांगत नाही. याच्याकडे संध्याकाळी एकट्यानं जायचं.

सकाळी ९.३०
दोन किलोमीटर चालून एका वावरात. धुऱ्यावर चपला काढल्या. ज्या बाईंना भेटायचंय त्या कमरेला ओटी बांधून सरीत पुढं गेल्यात. ताईंनी पिशवी झाडाखाली टेकवली आणि शेजारची सर धरून वेचायला लागल्या. दोन्ही हातांनी, बोंडाच्या काट्यांना चुकवत. वेचलेलं त्या बाईंच्याच ओटीत.

“हात रिकामे असले की बाई बोलत नाई,” असं त्यांनी मला येतानाच सांगितलं होतं. “रडते, नाई तं उठून जाते.”

बाईंच्या नवऱ्यानं तीन वर्षांपूर्वी आयुष्य संपवलं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घराला एक लाख रुपये मिळतात, तीस हजार हातात, सत्तर हजार ठेव. २००६ पासून आकडा तोच. पण आधी समिती बसते आणि पात्र की अपात्र ते ठरवते. सातबारा लागतो, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं थकलेलं कर्ज लागतं. यांच्या नवऱ्याचं कर्ज बिनपरवान्याच्या सावकाराचं होतं. अपात्र. सावकाराचं ते कर्ज मात्र फेडावं लागलं. एक एकर गेलं.

आज भेटीचं निमित्त तिथीचं आहे. तीन दिवसांनी श्राद्ध. ताईंच्या वहीत अशा तारखा वेगळ्या मांडलेल्या आहेत: घराघरातल्या मरणाच्या, पोळ्याच्या, दिवाळीच्या, बारावीच्या निकालाच्या, बँकेच्या वसुलीच्या. ज्या घरात एक आत्महत्या झाली तिथल्या उरलेल्यांचा धोका वाढलेला असतो, हे त्यांना प्रशिक्षणात सांगितलं होतं. तारखांचं पान त्यांनी स्वतःच्या डोक्यानं सुरू केलं.

“पोट्टा कसा आहे?”
“बारावीले आहे न. जाते कॉलेजले.”
“बोलते काय?”
बाईंचे हात थांबले नाहीत. “नाई. मोबाईलमधीच राह्यते. बापाचं शर्ट घालून राह्यला आठ दिवसापासून.”

ताईंनी त्या मुलाची वेळ विचारली. एसटीनं साडेपाचला उतरतो. “मी येतो त्याले भेटाले. तुम्ही काही म्हणू नका त्याले, शर्टाचंही नाई.” दुसऱ्या सरीच्या टोकापर्यंत आम्ही गेलो. मी वेचलेला कापूस अर्ध्या किलोच्या आतच भरला असेल, आणि बोटांना तीन ठिकाणी बोंडाचे काटे लागले.

सकाळी ११.३०
एसटीचा थांबा. सोबत अडुसष्ट वर्षांचे काकाजी. त्यांच्या फॉर्मवर गेल्या महिन्यात पाच गुण आले होते. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी चिठ्ठी दिली, प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळी सुरू झाली. आज दुसरी फेरी. बाईमाणसाला अर्धं तिकीट, पासष्टीवरच्यालाही अर्धं. दोघांचे मिळून वीस रुपये. काकाजींचे दहा ताईंनीच दिले. गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली.

काकाजींची गोष्ट नुसत्या पिकाची नाही. कंबर गेली, डवरा धरवत नाही. पत्नी दोन वर्षांपूर्वी वारली. मुलगा पुण्याजवळ कंपनीत कंत्राटी कामाला, दिवाळीला आला नाही. रात्री तीनला जाग येते ती येतेच. एकटं घर, दुखणारं शरीर, कामातून उठलेला माणूस. यातलं कुठलंही एक सुटं घेतलं तर गावात पन्नास जणांना लागू पडेल.

दुपारी १२.५०
आरोग्य केंद्राच्या ओसरीत भिंतीवर प्रेरणा प्रकल्पाचा फलक आहे, उन्हानं फिका पडलेला. २०१५ साली विदर्भ आणि मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्याचं हे काम सुरू झालं. आशांनी घरोघर विचारायचं, जिल्हा रुग्णालयातल्या पथकानं उपचार करायचे, अशी मांडणी. खाली १०४ हा फोन. शेजारी नवा कागद, टेली-मानस १४४१६. तो ऑक्टोबर २०२२ पासून देशभर आहे.

काकाजींचा नंबर तिसावा. वैद्यकीय अधिकारी एकच, खोकला-ताप-साप-बाळंतपण सगळं त्यांच्याकडेच. आमची पाळी आली तेव्हा पावणेदोन वाजले होते.

“गोळी घेता ना?”
“सोडली.”
“कधी?”
“दहा दिवस घेतली. फरक नाई पडला.”

डॉक्टर रागावले नाहीत. ही गोळी अंगदुखीच्या गोळीसारखी तासाभरात काम करत नाही. दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटायला लागल्यावरही बरेच महिने घ्यावी लागते. आपली आपण एकदम सोडायची नाही. हे त्यांनी काकाजींना सांगितलं, मग ताईंना, मग पुन्हा काकाजींना. पाकीट नव्यानं दिलं. ताईंनी प्रत्येक पट्टीवर पेनानं तारखा टाकल्या.

माणसं बाहेर गेल्यावर डॉक्टर माझ्याशी दोन मिनिटं बोलले. आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्यांना दवाखान्यातून सोडल्यावर काय करायचं, यावर पाच देशांत एक अभ्यास झाला होता. त्यातलं एक ठिकाण चेन्नई. १,८६७ माणसं. अर्ध्यांना नेहमीचा उपचार. उरलेल्यांशी सुट्टीच्या वेळी तासभर नीट बोलणं, आणि मग दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट. बस, एवढंच. दीड वर्षानं पाहिलं तर पहिल्या गटात आत्महत्येनं गेलेले शंभरात दोनाहून थोडे जास्त, दुसऱ्यात हजारात दोन.

ताई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. “मंग त्या नऊ भेटीचा रकाना टाका न सर आमच्या बिलात.”

डॉक्टर हसले. रकाना टाकणं त्यांच्या हातात नाही.

दुपारी २.२०
केंद्राच्या पायरीवर डबा. पोळी, तुरीच्या दाण्यांची भाजी, मिरचीचा ठेचा. काकाजींना दोन पोळ्या दिल्या. ते नाही म्हणाले आणि खाल्ल्या.

पैशांचं मी इथं विचारलं. केंद्र सरकारचं ठरलेलं मानधन दोन हजार होतं, ते २०२५ मध्ये साडेतीन हजार करायचं ठरलं. राज्याचा वेगळा हिस्सा. २०२४ च्या सुरुवातीला आझाद मैदानावर आशा बसल्या होत्या, त्यांत या पण होत्या. सोळा दिवस, घरी मुलीची परीक्षा. त्यानंतर राज्यानं पाच हजारांची वाढ दिली. याशिवाय कामागणिक मोबदला. गरोदर बाईची नोंद ते दवाखान्यातली प्रसूती, सगळं मिळून सहाशे. लेकराचं पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण, शंभर. आरोग्य दिवस भरवला, दोनशे. महिन्याच्या शेवटी सगळं एका बिलात लिहायचं, चार सह्या घ्यायच्या, मग खात्यात केव्हा पडेल तेव्हा पडेल. मोबाईलचा रिचार्ज महिन्याला तीनशे, तो मात्र तारखेला संपतो.

दुपारी ४.१०
दिवसातलं मुख्य काम आता आहे. एक चोवीस वर्षांचा मुलगा. सहा आठवड्यांपूर्वी त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला. वेळेत कळलं, जिल्ह्याच्या दवाखान्यात आठ दिवस होता, वाचला. गावात घरच्यांनी सांगितलं, मेंदूत ताप गेला होता. सगळ्यांना खरं ठाऊक आहे, आणि सगळे तापाचीच चौकशी करतात.

आधी प्रयत्न केलेला असणं हे पुढच्या धोक्याचं सगळ्यांत मोठं लक्षण मानतात. दवाखान्यातून सुटल्यानंतरचे पहिले महिने जास्त नाजूक. म्हणून ताई आठवड्याला दोनदा येतात. घरच्यांना पहिली भीती पोलिसांची होती. भाऊबंदांतल्या कुणीतरी सांगितलं होतं, केस होते. ताईंनी तिसऱ्याच दिवशी ते मोडून काढलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला तीव्र ताणाखाली आहे असंच धरायचं, शिक्षा करायची नाही, त्याची काळजी सरकारनं घ्यायची. जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलमही जुलै २०२४ पासून त्या रूपात उरलेलं नाही. एवढं कळेपर्यंत त्या घरानं औषधांची चिठ्ठीसुद्धा लपवून ठेवली होती.

मुलगा अंगणात गंजी घालतोय. कापूस तुडवायचा, कडेनं सारायचा. ताई ओट्यावर बसल्या. इकडचं तिकडचं झालं. क्रिकेट झालं. मग त्यांनी सरळ विचारलं.

“मराचा विचार येते काय अजून?”

मी दचकले. आपल्याकडे हा शब्द तोंडातून काढत नाहीत. काढला तर तुम्हीच तो विचार डोक्यात घालाल, अशी समजूत. जगभरचा अनुभव उलटा आहे. विचारल्यानं विचार रुजत नाही, ज्याच्या डोक्यात आधीच आहे त्याला बोलायला जागा मिळते. हे मी वाचलं होतं. असं ओट्यावर, आई दारातून ऐकत असताना विचारलेलं कधी पाहिलं नव्हतं.

त्यानं पाय थांबवले नाहीत. “येते.”
“कवा?”
“रात्री. फोन ठेवल्यावर.”
“काल आला?”
“काल नाई. परवा.”
“परवा काय केलं मंग?”
“काकाच्या घरी जाऊन झोपलो.”
“बेस केलं.”

एवढ्यासाठी त्यांनी त्याला शाबासकी दिली, आणि ते बरोबरच आहे. पहिल्या भेटीत दोघांनी मिळून एक कागद केला होता. जुन्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर. कसं वाटायला लागलं की समजायचं, आता येतंय. मग एकट्यानं काय करायचं. मग कुणाकडे जायचं: काका, एक मित्र, ताई. मग १४४१६. कागद त्याच्या फोनच्या कव्हरमध्ये घडी करून आहे. आज घडीवर फाटायला लागलाय. ताईंनी नवा लिहिला, मित्राचं नाव बदललं, जुना मित्र नागपूरला कामाला गेला.

मग किल्ली. फवारणीची औषधं सगळ्या गावात खाटेखाली, फळीवर, बकऱ्यांच्या कोठ्यात असतात. या घरातली आता पत्र्याच्या पेटीत, कुलूपबंद. पेटी सातशे रुपयांची, कुलूप एकशे वीसचं. पैसे काकांनी दिले. किल्ली काकांकडेच. फवारणीच्या दिवशी काका स्वतः पेटी उघडतात, लागेल तेवढं देतात, उरलेलं परत ठेवतात. ताई दर खेपेला कुलूप हातानं ओढून पाहतात. आजही पाहिलं.

हा वेडेपणा वाटेल. ज्याला मरायचंय तो काहीही करेल, असं पारावर मला दोघांनी सुनावलं. तसं होत नाही. तो क्षण येतो आणि बहुतेक वेळा जातो. तो जाईपर्यंत हाताशी काय आहे यावर पुष्कळ अवलंबून असतं. श्रीलंकेनं सगळ्यांत जहाल कीटकनाशकं एकामागून एक बंद केली. १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सत्तर टक्क्यांनी उतरलं. शेती बंद पडली नाही. जिथं बंदी पोचत नाही, तिथं काकांची किल्ली.

असं का झालं, हे मी त्या मुलाला विचारलं नाही. त्याच्या आईनं न विचारता सांगितलं. दोन सोयरिकी मोडल्या, पोरीच्या बापाला नोकरीवाला हवा होता. मोबाईलवरच्या ॲपचं कर्ज, अठरा हजारांचं. वसुलीवाले नातेवाइकांना फोन करायचे. वडिलांना अर्धांगवायू. बोंडअळीनं निम्मं पीक. आणि दारू, ती त्या दिवशी पण होती. हा मुलगा गेला असता तर बातमीत तीन शब्द आले असते: कर्जाला कंटाळून आत्महत्या. वर्तमानपत्रांनी हे छापणं सोडायला हवं. त्या तीन शब्दांत बाकीचं सगळं गडप होतं. शेजारच्या गावातल्या कर्जबाजारी पोरालाही त्यातून वाट दिसते, मदत दिसत नाही.

निघताना त्यानं ताईंना विचारलं, “तुम्ही काहून येता इतक्या खेपी? तुमाले पैसे भेटते काय ह्याचे?”
“नाई भेटत.”
“मंग?”
“तू आहे म्हणून येतो न बाबू.”

तो पुन्हा कापूस तुडवायला लागला.

संध्याकाळी ५.३०
एसटी आली. बारावीतला मुलगा उतरला. खरंच बापाचा शर्ट, खांद्यावरून ओघळलेला. ताई त्याच्यासोबत घरापर्यंत चालत गेल्या. मला मागं राहायला सांगितलं. वीस मिनिटांनी आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, “रडला. चांगलं झालं. कॉलेजातल्या मॅडमले फोन करतो उद्या.”

वाटेत सकाळच्या शून्य गुणांच्या माणसाचं घर लागतं. दार बंद. तो देशी दारूच्या दुकानाकडे गेल्याचं शेजारणीनं सांगितलं. घराचा क्रमांक वहीत तसाच राहिला.

संध्याकाळी ७.००
समाजमंदिरात बचत गटाची बैठक. अकरा बाया सतरंजीवर. बँकेच्या कर्जाशिवाय प्रत्येकीवर फायनान्स कंपन्यांचे हप्ते आहेत, कुणावर एका कंपनीचा, कुणावर तीन कंपन्यांचे. आठवड्याला सहाशे, साडेसातशे. वेचणी चालू आहे तोवर निघतात. जानेवारीनंतर एकीचं काढून दुसरीचं भरायचं.

ताई हप्त्यांचं ऐकत नाहीत, माणसं मोजतात. “ती काहून नाई आली?” कुणाला नीट ठाऊक नाही. मागच्या बैठकीलाही नव्हती. एक म्हणाली, तिचा एक हप्ता थकला, तोंड दाखवायला लाजते. दुसरी हळूच म्हणाली, नवरा मारतो अलीकडे. 

बैठक सुटल्यावर ताईंनी दोघींना सोबत घेतलं आणि तिच्या दारी गेल्या. हप्त्याचं नाव काढायचं नाही, असं वाटेतच ठरलं. निमित्त म्हणून एकीनं वाटीभर साखर उसनी मागितली. ती बाई बाहेर आली, गालावर डाग होता. ताईंनी साखर घेतली आणि उद्या दुपारी उपकेंद्रात ये, तुझं बीपी पाहायचंय, असं नवऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं. बीपीला नवरे अडवत नाहीत.

रात्री ९.२०
घरी मुलीनं भात टाकून ठेवलाय. नवऱ्यानं आज दोन क्विंटल दहा किलो वेचून घेतला, मजुरी दोन हजार शंभर गेली. ताई जेवता जेवता फॉर्मचा आकडा पाठवतात. दुपारचा होता, रात्री जातोय. उलट निरोप आला: उशीर का?

मी त्यांना विचारलं, तुम्हाला कधी कुणी विचारतं का, तुम्ही कशा आहात?
“आज तुम्ही विचारलं न,” म्हणाल्या आणि ताक वाढलं.

आजचा हिशेब त्यांनी तोंडी केला. चार फॉर्मचे चाळीस. बाळाच्या भेटींचा सहावा हिस्सा, एक्केचाळीस रुपये. खर्च: जाता-येता दोघांचं तिकीट चाळीस, चहा वीस. बाळंतीण, वावरातली बाई, काकाजी, गंजीवरचा मुलगा, बापाचा शर्ट, साखरेची वाटी, यांचं काही लिहायचं नव्हतं.

रात्री ९.५०
फोन वाजला. मुलाचे काका. पोरगा आज घरीच झोपतो म्हणतोय, झोपू देऊ का? ताईंनी तीन प्रश्न विचारले. जेवला का, प्यायला का, किल्ली कुठं आहे. मग म्हणाल्या, झोपू द्या, तुम्ही त्याच्या अंगणात खाट टाका.

वाचणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. टेली-मानसचा क्रमांक १४४१६. दिवसरात्र लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. फोनमध्ये आजच घालून ठेवा. आणि घरातल्या, शेजारच्या कुणाची शंका येत असेल तर त्यालाच जाऊन विचारा, सरळ. तो हो म्हणाला तर त्याला एकटं ठेवू नका, घातक वस्तू त्याच्या हातापासून लांब करा, आणि त्याच्या सोबत बसून हा क्रमांक लावा.